कंपाउंडिंगच्या स्पर्धेची तयारी कशी करू? (बडोदा)

मी बी.फार्म सेकंड इयरला आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फार्मसी वीक असतो ना, त्यात आमच्याकडे कंपाउंडिंग (म्हणजे हाताने औषध बनवायची) काँपिटिशन आहे, एक इमल्शन (तेल-पाणी एकजीव केलेलं औषध) आणि एक मलम, वेळ लावून. प्रॅक्टिकलला केलंय पण घाईत नाही जमत, कोणी सांगाल का?

दांडियाबाजारकर: इमल्शनला ड्राय गमच घे गं, म्हणजे आधी तेलात कोरडी गोंदाची पूड, मग पाणी. फिक्स्ड ऑइल (उडून न जाणारं तेल) असेल तर तेल 4, पाणी 2, गोंद 1. खल आधी एकदम कोरडा करून घे, तेलात गोंद नीट मिसळला की पाणी एकदमच ओत, थेंबथेंब नाही, आणि एकाच दिशेने जोरात घोट. चटचट आवाज आला आणि पांढरं दाट झालं की प्रायमरी, म्हणजे पहिलं दाट इमल्शन, झालं समज. तोवर जास्तीचं पाणी घालायचा मोह आवर, सगळे तिथेच फसतात.

इंदूरचा_पोट्टा: व्होलाटाइल ऑइल (उडून जाणारं तेल) दिलं तर मात्र 2:2:1 हां! गोंद जास्त लागतो.

फार्मसीवाली ताई: मलमात औषधाची पावडर आधी थोड्या लिक्विड पॅराफिनने (पातळ खनिज तेलाने) स्लॅबवर (गुळगुळीत पाटीवर) घोटून घे, मग बेस (ज्यात औषध मिसळतात तो मलमाचा मूळ भाग) थोडा थोडा, दरवेळी जेवढं झालंय तेवढाच नवा. बोटाला खरखर लागली म्हणजे घोटणं कमी पडलंय. आणि लेबल विसरू नकोस बाई, इमल्शनवर 'हलवून घ्या', मलमावर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी', वरचेवर मुलं सुंदर औषध करतात आणि बाटली कोरीच ठेवतात.

दांडियाबाजारकर: मलम जरा जास्तच बनव, स्लॅबला चिकटून कमी भरतं. आकडेमोड मैत्रिणीकडून तपासून घे.