स्कोडा स्लाव्हिया-फोक्सवॅगन व्हर्टसला हलकी चाकं: 16 इंचांवरच थांबायचं की 17 घालायची? (बेळगाव भागातल्या गाडीवाल्यांची चर्चा, टोपणनावांनी)

जांबोटी रोड: दीड लिटर टर्बो गाडी आणि फेऱ्या बेळगाव–जांबोटी–कणकुंबी–चोर्ला अशा असतील तर 16 इंचीच ठेवा, फक्त हलकी घ्या. मूळ टायर 205/55 आर16, म्हणजे रुंदी 205 मिमी आणि बाजूची भिंत तिच्या 55 टक्के, जवळपास 113 मिमी. 17 वर 225/45 घातला की ती 101 वर येते. पावसाळ्यात खड्डा पाण्यानं भरलेला असतो, खोली कळत नाही. टायर पार दबतो आणि रिमची कड डांबराच्या धारेवर बसते. ती बारा मिमी रबराची भिंत नेमकी तेव्हाच कामाची.

निपाणीकर: चोर्ल्याचं ठीक, पण सगळे काय रोज गोव्याला जात नाहीत. बेळगाव–संकेश्वर–निपाणी हायवे आणि तवंदी घाट धरा. 225/45 आर17 चा व्यास 634 मिमी, मूळचा 632, म्हणजे स्पीडोमीटरला धक्का नाही. वळणात भिंत कमी वाकते, स्टिअरिंग लगेच उत्तर देतं. टायर 94 एक्सएल (जास्त भाराचा) घ्या, 94 हा भाराचा आकडा, एका टायरला 670 किलो क्षमता. 91 ला 615. हवा मात्र नेहमीपेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवायची.

उद्यमबाग: इंचावरून भांडण्याआधी चाक बनलंय कसं ते विचारा. आपल्याकडं घरटी एक माणूस फाउंड्रीत, तरी गाडीच्या चाकाला हा प्रश्न कोणी विचारत नाही! साध्या ग्रॅव्हिटी कास्टिंगचं (वितळलेला धातू नुसता साच्यात ओतून केलेलं) चाक हलकं करायचं म्हणजे भिंत पातळ करायची, आणि आत बारीक पोकळ्या राहिल्या असतील तर तडा तिथूनच सुरू होतो. फ्लो-फॉर्म्डमध्ये रिमचा पिंप तापवून रोलरनं दाबत लांबवतात. धातू घट्ट होतो, म्हणून पातळ असूनही टिकतो. फोर्ज्ड (घन धातू दाबून घडवलेलं) त्याहून चांगलं, पण किंमत पाहून घ्या. चाक उलटं करून आरे आणि हबची (चाकाच्या मध्याची) मागची बाजू बघा: जेडब्ल्यूएल, व्हीआयए हे जपानी चाचणीचे शिक्के आणि किलोत भार. दाराच्या चौकटीच्या पट्टीवर अ‍ॅक्सलचा कमाल भार असतो. त्याच्या निम्म्याहून चाकावरचा आकडा जास्तच हवा. नसेल तर परत द्या.
तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून वापरू नका. वेल्डच्या आजूबाजूला हीट ट्रीटमेंट उतरते, धातू मऊ पडतो. गॅसकटरनं तापवून बाक काढला तरी तेच.

निपाणीकर: हे शंभर टक्के मान्य अण्णा. पण फ्लो-फॉर्म्ड 17 साधारण आठ-साडेआठ किलोत मिळतं की. एक किलो चाकाचा म्हणजे दहा किलो गाडीचे वाचतात म्हणतात.

जांबोटी रोड: ते दहा किलो खोटे. वेग घेताना रिमच्या कडेचं वजन फार तर दुप्पट मोजलं जातं, हबजवळचं त्याहून कमी. खरा फायदा स्प्रिंगच्या खालचं वजन घटण्यात आहे: चाक खड्ड्यातून लवकर सावरतं, टायर रस्ता सोडत नाही. हा फायदा खराब रस्त्यावर जास्त, आणि तिथंच 17 ची भिंत कमी पडते. शिवाय मोठ्या रिमचं वजन मध्यापासून लांब जातं. तुलना करायचीच तर टायरसकट तोला.

खानापूर: आकार कोणताही घ्या, बसवताना चूक नको. या गाड्यांचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचं माप) 5×100, म्हणजे 100 मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट; हबचा व्यास 57.1 मिमी. बाहेरच्या बऱ्याच चाकांचं मधलं भोक 73.1 असतं. मधली फट भरणारी रिंग घातली नाही तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही, मग 80 च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि दुकानदार बॅलन्सिंगच करत बसतो.
त्याहून घातक गोष्ट बोल्टची. मूळ बोल्टचं डोकं खालून गोलाकार, बाहेरच्या बहुतेक चाकांची बैठक 60 अंशांच्या टेपरची, म्हणजे निमुळती. गोल बोल्ट टेपरमध्ये फक्त एका रेषेवर टेकतो आणि सैल होत जातो. 14×1.5 चे टेपर बोल्ट वेगळे घ्या, हातानं निदान आठ फेरे आत गेले पाहिजेत. मग 120 न्यूटन-मीटर टॉर्क, पाना टॉर्कचाच. हवेच्या गननं शेवटचं आवळू देऊ नका. 50–100 किमीनंतर पुन्हा तपासा.
आणि डिकीत मूळ पाच बोल्ट ठेवा. स्टेपनी मूळचीच, तिची बैठक गोल, तिला टेपर बोल्ट चालत नाहीत. ते बोल्ट नसले आणि कणकुंबीच्या पुढं रात्री पंक्चर झालं तर स्टेपनी असून नसल्यासारखी.