पोटातले ओठावर येते, की जिभेची नुसतीच गफलत?

मृदुला_वाचते
गेल्या रविवारी गडबडीत मी मुलाला “फ्रीजमध्ये दूध ठेव” असे सांगण्याऐवजी “दुधामध्ये फ्रीज ठेव” असे सांगून बसले, आणि तासाभराने पाने वाढताना “भाजी-पोळी”ची “पाजी-भोळी” झाली. पाजी कोण, यावर बराच काथ्याकूट झाल्यानंतर सासूबाईंनी पोटातले ओठावर आले असा निकाल दिला. अशा चुकांमागे खरोखरच मनातले काही दडलेले असते का?

शब्दवेध
तुमच्या दोन चुका बोलण्याच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर झालेल्या आहेत. पहिलीत नामांची अदलाबदल झाली, पण “मध्ये” जागचे हलले नाही. शिवाय तुम्ही “दूधमध्ये” न म्हणता “दुधामध्ये” म्हणालात, म्हणजे दूध त्या जागी जाऊन बसल्यावरच त्याचे सामान्यरूप झाले. वाक्याचा साचा आणि त्यातील शब्द आधी ठरतात, त्यांना ध्वनिरूप नंतर मिळते, असे यावरून दिसते. भाषा-मानसशास्त्रज्ञ मेरिल गॅरेट यांनी १९७५ साली इंग्रजीतील अशाच चुकांवरून हे टप्पे मांडले होते. दुसरी चूक या नंतरच्या टप्प्यावरची आहे. तिच्यात अख्खी अक्षरे बदलली असती तर “पोजी-भाळी” झाले असते; प्रत्यक्षात भ आणि प ही व्यंजनेच तेवढी बदलली आणि स्वर जागच्या जागी राहिले. सेकंदाला दोन-तीन शब्द या वेगाने बोलताना पुढच्या शब्दाची जुळवाजुळव आधीच सुरू झालेली असते, त्यामुळे “पोळी”तला प वेळेआधीच घुसला.

सासूबाईंच्या बाजूने मात्र थोर साक्षीदार आहे: मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड. ऑस्ट्रियाच्या संसदेतील कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी बैठक सुरू करतानाच ती संपल्याचे जाहीर केले होते. भाषाशास्त्रज्ञ रुडॉल्फ मेरिंगर यांनी याची दोन कारणे सांगितली: अध्यक्षांना ती बैठक नकोशी होती, आणि विरुद्धार्थी शब्द मनात अगदी शेजारी-शेजारी नांदतात. फ्रॉइड यांनी १९०१ साली हेच उदाहरण घेऊन मनातल्या विरोधावर भर दिला. मला दुसरे कारण अधिक पटते. दुधात फ्रीज ठेवण्याची सुप्त इच्छा कोणाला असणार?

उंबरठा
शब्द ठरणे वेगळे आणि त्याचे ध्वनी सापडणे वेगळे, हे आमच्या स्वयंपाकघरात रोज दिसते. कढईतली पुरी फुगलेली असताना आई “अगं, तो दे, तो...” म्हणत हात हलवते, “झारा” सुचत नाही, पण “ती दे” असे ती कधीच म्हणत नाही. इटालियन भाषकांनाही शब्द ओठांवर अडलेला असताना त्याचे लिंग बरेचदा अचूक सांगता येते, असे १९९७ सालच्या एका अभ्यासात आढळले होते.

अर्धविराम
शब्दवेध यांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. “पाजी” आणि “भोळी” हे दोन्ही खरे शब्द आहेत, हा निव्वळ योगायोग नसावा. बार्स, मॉटली आणि मॅके यांनी १९७५ साली प्रयोगशाळेत लोकांकडून मुद्दाम अशा चुका करवून घेतल्या, तेव्हा निरर्थक जोड्यांपेक्षा अर्थपूर्ण शब्द तयार करणाऱ्या चुका जास्त झाल्या. तोंडाबाहेर पडण्यापूर्वी बोलण्याची आतल्या आत तपासणी होते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. “पोजी” तिथेच अडला असता. “पाजी” मात्र ओळखीचा चेहरा म्हणून सुटला असावा.

मृदुला_वाचते
सर्वांचे आभार. सगळे सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला नणंदेच्या नावाने हाक मारून चहा टाकायला सांगितले.