वांगाची क्रीम आणि सुरकुत्या

वांगावरची, म्हणजे चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांवरची क्रीम रोज रात्री लावत राहिल्यास सुरकुत्याही कमी होतात, असे म्हणतात; या म्हणण्याशी मी अर्धाच सहमत आहे. त्या ट्यूबमध्ये बहुधा डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन औषधे एकत्र असतात. सुरकुत्यांवर काम करते ते ट्रेटिनॉइन, तेही महिनोन्‌महिने लावल्यावर, आणि तेवढ्या काळात मोमेटासोन या स्टेरॉइडमुळे चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन बारीक लाल शिरा दिसू लागतात. सुरकुत्यांसाठी नुसते ट्रेटिनॉइन मिळते, मात्र गरोदरपणात तेही टाळावे.

आमच्या निपाणीकडे ही ट्यूब गोरे होण्याची क्रीम म्हणून बायका एकमेकींना सांगतात. काकूंनी रिकामी ट्यूब दाखवून दुकानातून नवी आणली, तेव्हा वेष्टनाच्या डाव्या कडेची, चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये असे सांगणारी उभी लाल रेघ ना दुकानदाराने पाहिली ना त्यांनी. वास्तविक अशी स्टेरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. (सूचना इंग्रजीत, त्याही मुंगीच्या अक्षरांत!) शिवाय वांग नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद होतो, म्हणून पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा हा प्रकाश अडवणारे आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन त्यावर अधिक उपयोगी पडते.