जुन्या बोटीवर पहिला खर्च कशावर: ट्रॅव्हलर की नवं मेनसेल?

पश्चिमवारा (बर्कली, कॅलिफोर्निया)

जुनी शिडाची बोट घेतली की पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी नवं मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) शिवून घ्या, बाकी मग बघू. मला हा क्रम पटत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पंचवीस-सत्तावीस फुटी बोट असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर ते आधी ट्रॅव्हलरवर घालावेत, म्हणजे मेनसेलचा दोर आडव्या ट्रॅकवर डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या यंत्रणेवर. कारणं देतो, पटली नाहीत तर खोडून काढा.

माझी बोट कॅटलिना २७. १९७१ पासून या बोटी साडेसहा हजारांच्या वर बनल्या, त्यामुळे इथल्या धक्क्यांवर जागोजागी दिसतात. माझ्या बोटीवर ट्रॅव्हलर अगदी मागे, ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) आहे. ट्रॅकवर साधी कार (सरकता गाडा) आणि तिच्या दोन्ही अंगांना पिनेचे अडसर. कार हलवायची म्हणजे मेनशीट (मेनसेलचा दोर) ढिली करा, टिलर (सुकाणूचा दांडा) गुडघ्यात धरून मागे वळा, स्प्रिंगची पिन वर ओढा, अडसर सरकवा, पिन पुढच्या भोकात बसली की नाही ते चाचपा. एवढं होईतो वाऱ्याचा झोत येऊन गेलेला असतो आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून फडफडत उभी. म्हणून बहुतेक मालक कार मध्यावर अडकवतात आणि पुन्हा तिकडे बघत नाहीत. ट्रॅव्हलर आहे, पण नसल्यासारखा.

आमच्या खाडीत उन्हाळ्याच्या दुपारी गोल्डन गेटमधून पश्चिमेचा वारा घुसतो. २० ते २५ नॉट (ताशी सागरी मैल) ही रोजची गोष्ट. बर्कलीसमोर पाणी उथळ, ओहोटी वाऱ्याच्या उलट वाहू लागली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १५ चे २१ नॉट झाले की दाब जवळजवळ दुप्पट. अशा वेळी नुसती मेनशीट सोडली तर बूम (शिडाखालचा आडवा दांडा) बाहेर जाताना वरही उचलतो. शिडाची मागची कड सैल पडते, वरचा भाग फडफडतो, खालचा मात्र पोट काढून ओढतच राहतो. बोट कललेलीच राहते आणि टिलर छातीशी ओढून धरावा लागतो. तेच कार वाऱ्याखाली (वारा जातो त्या बाजूला) सोडली, तर शिडाचा आकार तसाच राहतो, फक्त अख्खं शीड त्या बाजूला सरकतं. बोट सरळ होते आणि वेगही जात नाही.

म्हणून बॉल-बेअरिंगची कार, दोन्हीकडे ३:१ चे (जोर तिप्पट करणारे) दोर आणि बसल्या जागी हाताला लागणारे कॅम क्लीट (दोर पकडून ठेवणारे चाप). ताणाखाली कार सरकली पाहिजे, एवढी एकच अट. नवं मेनसेल याच्याहून महाग पडतं.

करंजा (मुंबई)

गेटवेसमोर जे/२४ या शर्यतीच्या बोटीवर मेन (मेनसेल) माझ्याकडे असतं. ट्रॅव्हलर हातात घेतल्याशिवाय आमची शर्यत होत नाही, त्यामुळे त्याचं मोल मला कुणी सांगायला नको. तरीही तुमचा क्रम मला उलटा वाटतो.

तुम्ही म्हणता कार सोडली की शिडाचा आकार तसाच राहतो. मान्य. पण मुळात आकारच बिघडलेला असेल तर? जुनं डेक्रॉन (शिडाचं कापड) ताणलं जातं, त्याची खोली मागे सरकते आणि मागची कड वाऱ्याकडे वळून आत येते. अशा शिडाला ट्रॅव्हलरने कितीही वाऱ्याखाली न्या, पुढचा भाग फडफडायला लागतो आणि मागची कड बोटीला वाऱ्याकडे ढकलतच राहते. टिलरवरचा ओढा कमी होत नाही. भारी कारने वाईट आकार इकडून तिकडे फिरवता, इतकंच.

आणखी एक. कॅटलिना २७ चं रिग मास्टहेड आहे, पुढचं शीड डोलकाठीच्या टोकापर्यंत जातं. म्हणजे मेन लहान, जेनोआ (पुढचं शीड) मोठी. वारा वाढला की आधी जेनोआ आवरायची, मग मेनला रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं). २५ नॉटमध्ये ज्याला ट्रॅव्हलर सारखा खेळवावा लागतो, त्याने शीड जास्त चढवलेलं आहे. आमच्याकडे दुपारी वायव्येचा वारा धरतो, तेव्हा धक्क्यावरचे जुने लोक रीफ आधी घेतात आणि बाकीच्या गप्पा नंतर मारतात.

अॅनापोलिसकर (मेरीलँड)

मला वाटतं दोघेही व्हँग विसरताय. बूमच्या खाली मजबूत व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) लावा आणि घट्ट ओढून ठेवा. बूम वर उचलणारच नाही. मग मेनशीट सोडली की बूम आडवा सरकतो, म्हणजे ट्रॅव्हलरचंच काम मेनशीट करते. डेकला एक भोक पाडायचं नाही. आमच्या चेसापीक खाडीत जुलै-ऑगस्टला वारा मुळातच पडलेला असतो, तिथे कारचा उपयोग उलटा: ती वाऱ्याच्या बाजूला ओढायची, शीट सैल ठेवायची, म्हणजे बूम मध्यावर येतो आणि शिडाला वर थोडा पीळ राहतो. त्यासाठी बॉल-बेअरिंग लागत नाही. ६ नॉट वाऱ्यात पिनेचा अडसर सरकवायला हवा तेवढा वेळ असतो.

पश्चिमवारा

करंजा, जेनोआ आधी आवरायची हे बरोबर, आम्ही निघतानाच लहान जिब (पुढचं शीड) चढवतो. पण रीफ हा तासाभराचा निर्णय असतो आणि झोत अर्ध्या मिनिटाचा. खाडीतल्या एंजल आयलंड बेटाच्या आडोशातून बाहेर पडलं की वारा एकदम दहा नॉटने वाढतो, पुन्हा आडोसा आला की पडतो. दर वेळी रीफ कोण घेणार? शिवाय बोटीला वाऱ्याकडे वळवणारा जोर मागून येतो, आणि मागे असतं ते मेन.

अॅनापोलिसकर, व्हँगचा उपाय डिंगीवर (छोट्या उघड्या बोटीवर) उत्तम. पन्नास वर्षांच्या बोटीवर तो सगळा ताण गूसनेकवर (बूम आणि डोलकाठीच्या सांध्यावर) आणि बूमच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. तिथले रिव्हेट आणि पिन आधी तपासा. बूमचं टोक पाण्यात बुडालं आणि व्हँग घट्टच राहिला, तर बूम तिथेच वाकतो.

निळी जिब (साउदम्प्टन)

ट्रॅव्हलर बदलायला माझा विरोध नाही, पण तो मागे ठेवायला आहे. लहान मुलं बोटीवर असतात त्या आईच्या नजरेने बघा. मेनशीट बूमच्या टोकाला असेल तर जाइब होताना (वारा मागून घेत बूम दुसऱ्या अंगाला जाताना) सैल शीटचा फास कॉकपिटच्या मागच्या भागावरून झाडून जातो. टिलर धरणाऱ्याच्या मानेला किंवा मुलाच्या हाताला तो अडकू शकतो. ट्रॅव्हलर केबिनच्या छतावर, सरकत्या झाकणाच्या पुढे नेला की कॉकपिट मोकळं होतं. एवढे कष्ट करणारच आहात तर एकदाच नीट करा.

फायबरकाम (गोवा)

निळी जिब ताई, मुलांबद्दलची काळजी खरी आहे. पण 'छतावर नेला' हे दोन शब्दांत होणारं काम नाही. माझं रोजचं काम फायबरच्या बोटी दुरुस्त करण्याचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताणाचं गणित. मेनशीट बूमच्या टोकाऐवजी मध्यावर लावली की तेच शीड धरायला दुप्पट जोर लागतो. टोकाला ४:१ चा टॅकल (कप्प्यांची दोरजोडणी) पुरत असेल तर मध्यावर ६:१ किंवा जास्त लागेल, आणि दोर पुढून विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) न्यावा लागेल. टोकाच्या शीटसाठी बनवलेला बूम मधोमध ओढला तर वाकू शकतो, म्हणून एका जागी न बांधता दोन-तीन ठिकाणी ताण वाटून द्यावा लागतो.

आता छत. जुन्या बोटींचं छत सँडविच असतं: वर फायबर, खाली फायबर, मध्ये कोअर, म्हणजे बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड. ट्रॅव्हलर छताला वर ओढतो, सारखा, झटक्यांनी. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. ड्रिलला चिकटून कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळपट ओला लगदा आला किंवा भोकातून चहासारखं पाणी ओघळलं, तर ट्रॅव्हलर राहू द्या बाजूला, आधी डेक उघडावं लागेल.

कोअर कोरडा असला तरी सरळ भोक पाडून बोल्ट घालू नका. ६ मिमीचा बोल्ट असेल तर १२ मिमीचं भोक पाडा, आतला कोअर कडेने थोडा खरवडा, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, सुकल्यावर त्यात ६ मिमीचं भोक. म्हणजे पुढे सीलंट हरलं तरी पाणी कोअरपर्यंत जात नाही. खाली नुसते वॉशर चालणार नाहीत. जाड जी-१० ची (टणक फायबर-इपॉक्सी पत्र्याची) किंवा अॅल्युमिनियमची सलग पट्टी हवी. सीलंट म्हणून ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. सिलिकॉन नको, ते निघता निघत नाही आणि त्यावर पुन्हा काही चिकटतही नाही. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या ट्रॅकला लागतो तिथे गंजरोधक पेस्ट लावा, नाहीतर आमच्या किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी दिसू लागते.

हे सगळं करायची तयारी असेल तर छतावर न्या. नसेल तर जागा बदलू नका, वस्तू बदला.

निळी जिब

गणित पटलं. पण धोका त्याने कमी होत नाही ना? दुप्पट ताण विंच घेईल. मुलाच्या गळ्यात आलेला दोर कोण घेईल?

पश्चिमवारा

ताई, मी बहुतेक वेळा एकटा जातो, म्हणून माझं उत्तर वेगळं येतं. मेनशीट छतावर गेली की ती झाकणाशेजारच्या क्लचमध्ये (दोर अडकवणाऱ्या चापात) बंद होते. टिलरवरून तिथे हात पोचत नाही. झोतात मला टिलर सोडून दोन पावलं पुढे जावं लागेल, आणि नेमक्या त्याच दोन पावलांच्या वेळी बोट वळते. मुलं असतील तेव्हा जाइब करायच्या आधी शीट पूर्ण आत ओढून घ्यायची, कार मध्यावर क्लीट करायची, मग टिलर हलवायचा. सैल दोरच उरला नाही तर फास होणार नाही. मुलं केबिनच्या बाजूला बसवायची, मागच्या कोपऱ्यात नाही.

फायबरकाम, तुमचं वाचून ठरवलं: ट्रॅक ट्रान्समवरच, जुन्याच्या जागी २७ मिमीचा, खाली सलग पट्टी टाकून. दोर मात्र दोन्ही बाजूंनी पुढे आणून सीटच्या कडेला क्लीट.

फायबरकाम

जुन्या बोल्टांची भोकं तशीच वापरू नका. आधी इपॉक्सीने बुजवा, मगच नवी आखणी. कारच्या गोळ्यांना ग्रीस लावू नका, त्यात वाळू बसते. दर वेळी परत आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं की पुरतं.

अॅनापोलिसकर

शर्यती करत असाल तर आधी क्लासचे (एकाच प्रकारच्या बोटींच्या गटाचे) नियम वाचा. काही क्लासमध्ये कुठली फिटिंग कुठे, हेही ठरलेलं असतं.

करंजा

मी अजूनही शिडावरच अडून आहे. पश्चिमवारा, ऑर्डर द्यायच्या आधी एक करा. १०-१२ नॉट वाऱ्यात बोट वाऱ्याच्या रोखाने तिरकी चढवा, बूमच्या मध्याखाली पाठीवर आडवे व्हा आणि वर डोलकाठीकडे बघत मेनसेलचा फोटो काढा. शिवणी नीट दिसल्या पाहिजेत. सगळ्यात खोल जागा अर्ध्याच्या पुढे असेल तर ट्रॅव्हलर आणा, मी एक शब्द बोलणार नाही. अर्ध्याच्या मागे गेली असेल तर तो फोटो आधी शीड शिवणाऱ्याला पाठवा. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड ताणणारा दोर) पूर्ण ओढून एक आणि सैल सोडून एक, असे दोन काढा आणि दोन्ही इथे टाका.