मदत हवी आहे: नजरेनुसार व्हिडिओची स्पष्टता बदलताना धूसर भाग दिसतोय

नमस्कार मंडळी,

मी २७ इंची ४के मॉनिटरवर एक प्रयोग करतोय. मॉनिटरखाली ६० हर्ट्झचा आय ट्रॅकर (नजर पडद्यावर कुठे आहे ते सेकंदाला ६० वेळा टिपणारं उपकरण) आहे. नजर जिथे असेल तेवढाच भाग पूर्ण रिझोल्यूशनने दाखवायचा, बाकीचा कमी रिझोल्यूशनवर प्रोसेस करून मोठा करायचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डवरचा भार कमी होईल.

मी साधारण ६० सेंमीवर बसतो. तिथून १ अंश म्हणजे पडद्यावर जेमतेम १ सेंमी, सुमारे ६७ पिक्सेल. डोळ्याची सर्वात तीक्ष्ण दृष्टी मधल्या दोनेक अंशांतच असते, तरी सुरक्षित म्हणून मी ५ अंश त्रिज्येचं वर्तुळ घेतलंय.

अडचण अशी की नजर झटकन दुसरीकडे नेली की क्षणभर तिथलं चित्र धूसर दिसतं. डोळा उडी मारताना आपल्याला फारसं दिसत नाही हे ठाऊक आहे, पण उडी संपल्यावरही धूसरपणा उरतो. मला संशय फिल्टरचा आहे. थरथर कमी करायला शेवटच्या ५ नोंदींची सरासरी घेतोय, त्यातच सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. शिवाय ट्रॅकर आणि मॉनिटरचा उशीर वेगळाच. सरासरी काढून टाकली तर वर्तुळ नाचतं, तेही बघवत नाही.

वन युरो फिल्टर (हालचाल संथ असताना थरथर जास्त गाळणारा, वेगात असताना कमी गाळून उशीर टाळणारा) कुणी वापरलाय का? की वेगावरून उडी ओळखून तेवढ्यापुरता फिल्टर बंद करावा? आणि कडेच्या भागात बारीक लुकलुक दिसते, ती धूसर करण्याच्या पद्धतीमुळे असेल का? चष्मा लावणाऱ्यांचा अनुभव तर नक्की सांगा, माझ्या आईलाही हे वापरता यावं असं फार वाटतं.