राजधानी कुठे करायची हे लोकांनी मत देऊन ठरवलंय का कुठे?

मुपो_नातेपुते:
मी नातेपुत्याचा, सध्या सोलापुरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. जिल्हा विभाजनाचा विषय निघाला की नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी पंढरपूरवाले पंढरपूर म्हणतात, आमच्याकडचे अकलूज. काल रूमवर यावरून चांगलीच जुंपली. राजधानी थेट मतदानाने ठरल्याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

जुना_कारकून:
आहे की. कॅनडातलं नुनावुत. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वेगळं काढायचा कायदा १९९३ मध्ये झाला, नवा प्रदेश सुरू झाला १ एप्रिल १९९९ ला. मधल्या काळात, डिसेंबर १९९५ मध्ये, राजधानीसाठी मतदान घेतलं. इकालुइट की रँकिन इनलेट? इकालुइटला साधारण ६० टक्के मतं पडली.
नकाशा उघडून बघा. इकालुइट पार पूर्वेला, बॅफिन बेटावर. रँकिन हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर, म्हणजे त्यातल्या त्यात मधोमध.

कोंतम_चौक:
म्हणजे मोठ्या गावानं बाजी मारली. मग मतदानाचा खटाटोप कशाला बे?

जुना_कारकून:
गाव मोठं होतं हे खरंय. पण तिथं गावागावांना जोडणारे रस्ते जवळपास नाहीतच, सगळा प्रवास विमानाचा. त्यामुळं ‘मधोमध’ला आपल्यासारखी किंमत नाही. इकालुइटला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं बांधलेली धावपट्टी होती, गाव वाढलं तेच तिच्याभोवती.
मला जास्त पटलं ते पुढचं. खाती सगळी राजधानीत कोंबली नाहीत, सरकारी नोकऱ्या दुसऱ्या दहा गावांत वाटल्या. रँकिनलाही वाटा मिळाला. माझी हयात फायली वाहण्यात गेली, म्हणून सांगतो: पाटी कुठं लागली यापेक्षा सही करणारा साहेब कुठं बसतो ते बघा.

कोंतम_चौक:
आपल्याकडं असलं काही झालंय?

जुना_कारकून:
राजधानीसाठी नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, तो महाराष्ट्रात यायचं की नाही यावर. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर काढलं तेव्हा जव्हारवाले मुख्यालय मागत होते. मत कुणी विचारलं नाही, निर्णय मंत्रालयातून आला.

मुपो_नातेपुते:
मग आम्ही अकलूजसाठी काय मागावं?

जुना_कारकून:
अपर जिल्हाधिकारी आणि भूमी अभिलेखचं मोठं कार्यालय. मुख्यालय घेऊ दे पंढरपूरला.

मुपो_नातेपुते:
हे रूमवर बोललो तर माझं जेवण बंद होईल.