हेक्सानलची फवारणी केल्याने पेरू अधिक दिवस टिकतात का?

प्रश्न (इंदूर, बागाईतदार)

नमस्कार. महूच्या बाजूला आमची पेरूची, म्हणजे आपल्याकडच्या जामची, बाग आहे. माल पहाटे चोइथराम मंडीत पोहोचतो, पण तो पुढे दूरच्या गावी जाईपर्यंत मऊ पडतो आणि व्यापारी भाव पाडतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जयशंकर सुब्रमणियन यांनी तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने आंब्यावर हेक्सानलचे प्रयोग केल्याचे वाचले. हे द्रव्य फळात नेमके काय करते, आणि सफरचंदांच्या शीतगृहात जो वायू सोडतात त्याहून ते वेगळे आहे का, हे कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १ (वनस्पतिशास्त्राचे निवृत्त अध्यापक)

दोन्ही उपाय वेगळे आहेत. पिकू लागलेले फळ इथिलीन वायू सोडते. पेशींमधील ग्राही (इथिलीन ओळखणाऱ्या) प्रथिनांना तो लागला की पिकण्याचा वेग वाढतो, आणि त्यामुळे इथिलीनही आणखी तयार होते. अमेरिकेतील सिस्लर आणि ब्लँकनशिप यांनी शोधलेले १-एमसीपी (१-मिथाइलसायक्लोप्रोपीन) हे द्रव्य, जे सफरचंदांच्या शीतगृहात वायुरूपात सोडतात आणि ज्याचे पेटंट १९९६ साली मिळाले, त्याच ग्राहींना जाऊन चिकटते, त्यामुळे इथिलीन भोवती असूनही फळाला ते जाणवत नाही. मात्र हा वायू असल्याने त्याला हवाबंद खोली लागते, आणि केळ्यासारख्या फळाला तो चुकीच्या वेळी दिला तर पुढे रंग एकसारखा येत नाही.

हेक्सानलचे काम पेशीच्या पटलावर, म्हणजे तिच्या भोवतीच्या पातळ आवरणावर, चालते. फळ पिकताना फॉस्फोलायपेज-डी नावाचे विकर (एन्झाइम) पटलातील स्निग्ध घटक तोडू लागते, पटल झिरपू लागते आणि गर मऊ पडतो. ग्वेल्फचेच गोपी पालियथ यांच्या संशोधनातून असे पुढे आले की हेक्सानल या विकराला आवर घालते. हे द्रव्य वनस्पती स्वतःच तयार करतात. ताज्या कापलेल्या गवताच्या वासात त्याचा वाटा असतो. आंब्यावर त्याच्या मिश्रणाची फवारणी तोडणीच्या सुमारे ३० आणि १५ दिवस आधी केली गेली, आणि फळे झाडावरच दोन ते तीन आठवडे अधिक राहू शकली. मला या संशोधनातील ही बाब सर्वांत मोलाची वाटते, कारण सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात मंडीत येतो तेव्हा बागवानाच्या हाती थांबण्याची सोय येते.

एक कळकळीची सूचना: रसायनांच्या दुकानातून शुद्ध हेक्सानल आणून फवारू नका. तो ज्वलनशील द्रव आहे, आणि प्रयोगांत वापरलेल्या मिश्रणात इतर घटकही ठरावीक प्रमाणात असतात. ज्या मिश्रणाला पेरूसाठी अधिकृत मान्यता आहे, तेवढेच कृषी महाविद्यालयाच्या सल्ल्याने वापरावे.

उत्तर २ (फळांचे घाऊक व्यापारी, इंदूर)

वरील विवेचन उत्तम आहे, पण फवारणीच्या आधी उष्णतेचा विचार करावा. तापमान १० अंशांनी वाढले की फळाचा श्वसनवेग साधारण दोन ते तीन पट होतो, म्हणून दुपारी तोडलेला आणि उन्हात उभ्या गाडीत भरलेला माल कोणतेही औषध वाचवू शकत नाही. पहाटे तोडा, लगेच सावलीत पसरा, आणि गर्द हिरवा रंग फिका पडू लागताच फळ काढा. पिकलेल्या केळ्यांच्या खोलीत पेरू ठेवू नका, कारण त्या खोलीतले इथिलीन त्यालाही पिकवते. अतिथंड खोलीही उपयोगाची नाही. केळी १३ अंशांखाली काळवंडतात आणि पेरूलाही फार थंडी सोसत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आमच्या झाडांवर फळे एकाच वेळी तयार होत नाहीत, तर मग ३० दिवस कोणत्या फळापासून मोजायचे?

उत्तर १

योग्य शंका आहे. आंब्याचे वेळापत्रक पेरूला जसेच्या तसे लावता येणार नाही. एका बहराची, साधारण एकाच आठवड्यात फुललेली झाडे आधी खुणेने वेगळी करा आणि मागील वर्षांच्या तोडणीच्या तारखांवरून अंदाज बांधा. त्याच ओळीतील काही झाडे न फवारता सोडा, दोन्हींची फळे एकाच दिवशी तोडून एकाच खोलीत ठेवा आणि रोज वजन व मऊपणा लिहून ठेवा. त्या नोंदी इथे मांडल्यात तर आपण मिळून वेळ ठरवू.